स्टिरिओतली घूं

मडगाव,
नागपंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चवथीला महिनाच राहिला, घरात माणसं जमायची, आणि स्टिरिओ लावला की गाण्याखाली सतत घूं वाजते. म्हणून तू नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघाला आहेस. इतक्यात घेऊ नकोस. तू लिहिलेल्या लक्षणांत अ‍ॅम्प्लिफायर बिघडल्याची एकही खूण मला दिसत नाही. असला आवाज बहुतेक वेळा बाहेरून आत शिरतो. तो कुठून शिरतो हे शोधायला साधा मल्टिमीटर, टॉर्च आणि एक मोकळी दुपार पुरते.

त्याआधी एक गोष्ट. वायरमनने तुला प्लगमधली अर्थची वायर काढून टाकायला सांगितली, ते अजिबात करू नकोस. केली असशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ती जोडून ये. अर्थ काढल्यावर घूं थांबते हे खरं आहे, पण त्या वायरीचं काम वेगळंच आहे. आतलं इन्शुलेशन फाटून फेज पत्र्याला लागली, तर करंट अर्थमधून वाहतो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्ट नुसते बसून राहतात. सिग्नलच्या वायरींवर आतून गुंडाळलेल्या तारांच्या जाळीतून ते टर्नटेबलवर (तबकड्या वाजवणाऱ्या यंत्रावर) जातात, सेट-टॉप बॉक्सवर जातात, आणि पावसाळ्यातल्या ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या पोराच्या हातात जातात. बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की क्षणात वीज तोडणारा स्विच) नसेल तर स्टिरिओच्या आधी तो बसवून घे.

आता शोधाला लागू. सगळं चालू ठेव, गाणं थांबव आणि कान दे. घूं स्पीकरमधून येते की अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यातून? डब्यातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा गाभा थरथरतोय. रात्री व्होल्टेज चढलं की, किंवा चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असलं की, ही थरथर वाढते. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट आवळून आणि खाली रबराची चकती घालून ती बरीच कमी होते. तिचा गाण्याशी संबंध नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

स्पीकरमधून येत असेल तर तिचा सूर बघ. मोबाईलवर ट्यूनरचं एखादं अ‍ॅप उतरवून घे आणि फोन वूफरजवळ (खर्जाच्या मोठ्या स्पीकरजवळ) धर. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तोच सूर, म्हणजे अगदी खोल, गुळगुळीत घूं असेल, तर ती वायरीतून किंवा चुंबकी क्षेत्रातून आलेली. १०० हर्ट्झ म्हणजे एक सप्तक वर, थोडी करकरीत. पॉवर सप्लायमध्ये एसीचा डीसी होताना प्रत्येक लाटेचे दोन उंचवटे होतात, त्यातून ती येते. पेटीवर धरून बघायची तर १०० हर्ट्झ खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसते. दोन्ही सूर एकाच नावाचे असल्यामुळे अ‍ॅपमध्ये सप्तकाचा आकडा नीट पाहा. आणि मधमाशांसारखी झणझण, जिच्यात वरचे स्वरही भरलेले असतात, ती बहुतेक डिमरची, चार्जरची किंवा एलईडीच्या ड्रायव्हरची.

मग व्हॉल्यूमची कळ फिरव. घूं कळीबरोबर वाढत-कमी होत असेल तर ती कळीच्या आधी शिरते, म्हणजे वायरी, टर्नटेबल किंवा बॉक्समधून. कळ शून्यावर असूनही तेवढीच राहिली तर ती कळीच्या पुढची, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा आउटपुट. या एका परीक्षेने निम्मं घर तपासून होतं. तू लिहितोस की फोनो (टर्नटेबलचं इनपुट) लावल्यावर घूं सगळ्यांत जास्त, टीव्हीवर मध्यम, आणि कळ शून्यावर नेली की शांत. म्हणूनच म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर विकत घेऊ नकोस.

पुढची पायरी सगळ्या वायरी काढायची. अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच काढ. आरसीएचा (ऑडिओच्या वायरींच्या टोकाच्या गोल प्लगचा) मधला खिळा बाहेरच्या कड्याच्या आधी टेकतो, त्यामुळे चालू असताना लावली-काढली तर स्पीकरमध्ये दणका बसतो आणि ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. नुसता अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवून चालू कर. शांत असेल तर एकेक वस्तू परत जोड, दर वेळी बंद करून. घूं ज्या वस्तूबरोबर परत येते तिथे थांब. शांत नसेल तर एक आरसीए प्लग घे, खिळा आणि कडं तारेने डाखून टाक आणि तो निवडलेल्या इनपुटमध्ये घाल. मोकळं इनपुट अँटेनासारखं हवेतली घूं ओढतं, डाखलेल्या प्लगने ते मिटतं. हा प्लग आउटपुटमध्ये मात्र कधी घालू नकोस.

टीव्हीच्या जोडणीत मला दाट संशय केबलचा आहे. सेट-टॉप बॉक्समध्ये येणाऱ्या कोअॅक्सिअल वायरीची जाळी बाहेर कुठेतरी खांबाकडे अर्थ झालेली असते. तुझा अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या बोर्डावर अर्थ झालेला आहे. या दोन अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्टचा जरी फरक असला तरी आरसीएच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरत राहतो, आणि तोच गाण्यात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. परीक्षा सोपी आहे: घूं चालू असताना बॉक्समागची कोअॅक्सिअल वायर उपट. त्याच क्षणी शांत झालं तर चोर सापडला. केबल असेल तर त्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण जाळीतला करंट तोडणारा जोड) बसव. छपरावर डीटीएचची थाळी असेल तर मात्र तिथे तो चालणार नाही, कारण थाळीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. तेव्हा तोडगा ऑडिओच्या बाजूला काढायचा. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर तीच सगळ्यांत उत्तम वाट, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही. नसेल तर १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव. अगदी स्वस्तातला घेऊ नकोस. छोटा गाभा खर्जात दबतो आणि पखवाजाची थाप पोकळ होते.

लॅपटॉपचंही हेच. चार्जर काढून बॅटरीवर चालवला की चिरचिर थांबते का बघ. थांबली तर लूप आहे, आणि उपायही तोच.

पण या सगळ्याआधी सर्वांत स्वस्त उपाय करून बघ: अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल, बॉक्स, टीव्ही, सगळं एकाच तीन पिनी पट्टीवर घे. एकाच जागी अर्थ मिळाला की या वस्तूंच्या अर्थमध्ये फरक उरत नाही; केबलच्या बाहेरच्या अर्थचा तेवढा राहतो. यांचा एकत्र भार फारसा नसतो, चांगली पट्टी सहज पेलते.

आता अर्थिंग. घर चिऱ्याचं, खाली कातळ. कोरड्या जांभ्यात अर्थ नीट लागत नाही. अर्थचा पाइप अडीच मीटर खाली जायला हवा, पण कातळ लागला की तो अर्ध्यावरच थांबवतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डात मोज: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा ५च्या वर गेला, किंवा फेज-अर्थ बराच कमी दिसला, तर लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घे. ५ ओहमच्या आत हवा. सध्या पावसात जमीन भिजलेली आहे, म्हणून आकडा चांगला दिसेल. एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोज, आणि त्या दिवसांत अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतत जा.

कुणी स्टिरिओसाठी वेगळा 'स्वच्छ' अर्थ म्हणून अंगणात दुसरी सळी ठोकायला सांगेल, ते ऐकू नकोस. दोन अर्थ म्हणजे दोन वेगळी व्होल्टेजं, म्हणजे लूप आणखी मोठा. शिवाय वीज जवळपास पडली तर त्या दोन सळ्यांमधला झटका तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनच जाईल. घराचा अर्थ एकच.

टर्नटेबलकडे सगळ्यांत जास्त वेळ दे, कारण तुझी घूं मुख्य तिथेच आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. फोनो विभाग ते सुमारे १०० पट वाढवतो, आणि आरआयएएच्या (तबकडीत कमी करून कोरलेला खर्ज परत उचलायच्या ठरलेल्या प्रमाणाच्या) हिशेबाने ५० हर्ट्झला त्याहून आणखी ७ पट. सीडीच्या वायरीत ऐकू न येणारी घूं इथे घर भरून टाकते. मागे आरसीएबरोबर एक बारीक तार लोंबत असते, टोकाला कोयंड्यासारखी चिमटी असलेली. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट हवी. टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावल्यावर घूं कमी झाली तर ही तार तुटली आहे किंवा गंजली आहे. आर्म आणि तारेचं टोक यांमध्ये मल्टिमीटरने मोज. १ ओहमच्या आसपास यायला हवं.

घूं एकाच बाजूला असेल तर कार्ट्रिजमागच्या चार बारीक चिमट्या बघ: पांढरी डावी, निळी डाव्याची परतीची, लाल उजवी, हिरवी उजव्याची परतीची. एखादी सैल झाली की तेवढी बाजू घुमते. बारीक चिमट्याने धरूनच सारखी कर, आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेव.

आणखी एक परीक्षा. टर्नटेबलची मोटर बंद ठेव, सुई वर उचललेली असू दे, आणि आर्म हाताने काठाकडून मध्याकडे ने. वाटेत घूं कमी-जास्त झाली तर कार्ट्रिज कुणाचं तरी चुंबकी क्षेत्र पकडतंय, बहुधा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं. अशा वेळी वायरी बदलून काही होत नाही. टर्नटेबल ५०-६० सेंटिमीटर दूर सरकव, अ‍ॅम्प्लिफायरच्या वर तर कधीच ठेवू नकोस.

तुझ्याकडच्या केसरबाई केरकरांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतली खरखर मात्र यात धरू नकोस. ती तबकडीचीच; सुई उचलली की थांबते. तरी ती कमी होऊ शकते: एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, ७८च्या खाचेला ७५च्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी धुळीत घासत जाते, भिंतींना टेकतच नाही.

झणझणीसाठी सेलवर चालणारा लहान रेडिओ घे, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लाव आणि घरभर फिरव. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर, इन्व्हर्टर. जिथे रेडिओ ओरडतो तो गुन्हेगार. चवथीला माटोळीभोवती (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीभोवती) दिव्यांच्या माळा येतील, त्यांच्या लुकलुकत्या कंट्रोलरपासून जप. माळा दुसऱ्या बोर्डावर घे. विजेच्या वायरी सिग्नलच्या वायरींपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेव; ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांड, सोबतीने पळवू नकोस.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी चरचर आणि अधूनमधून जाणारी एक बाजू, ही आपल्या हवेची देणगी. आरसीएचे प्लग काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पूस. स्पीकरच्या तारांची टोकं हिरवी पडली असतील तर दोन सेंटिमीटर कापून नवं तांबं उघडं कर. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरला प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरची एक छोटी फवारणी दे, कळ २५-३० वेळा पूर्ण फिरव आणि अर्धा तास वाळू दे. शिवणयंत्राचं तेल घालू नकोस, त्यात धूळ चिकटून महिनाभरात पुन्हा चरचर सुरू होते. हळू आवाजात एक बाजू गायब आणि मोठा केल्यावर परत, असं असेल तर स्पीकरचा रिले काळा पडला आहे. तो घासत न बसता बदलून घे. पावसाळ्यात रोज तास-दोन तास अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवलास तर त्याच्या उष्णतेनेच आतली ओल निघून जाते.

एवढं करूनही कळ शून्यावर असताना १०० हर्ट्झ दोन्ही बाजूंना उरले, तरच पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले असं समज. ते काम दुरुस्तीवाल्याचं आहे. प्लग काढल्यावरही त्यांत ६०-७० व्होल्ट भरलेले राहू शकतात. त्याला सांग: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे. दुप्पट मायक्रोफॅरड घालून दे म्हणू नकोस, चालू करतानाच्या झटक्याने डायोड मरतात.

आता असं कर. न्यूट्रल-अर्थचा आकडा, ट्यूनरने दाखवलेला सूर आणि कोअॅक्सिअल उपटल्यावर काय झालं, या तीन गोष्टी मला लिहून पाठव. आर्मला बोट लावून बघितलंस तर तेही. आयसोलेटर घ्यायचा की नाही ते त्यावरून ठरवू, तोवर काही विकत आणू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र