बाबा, एकदा मागे बसून बघा

ती. बाबा आणि ती. आई,

सा. न.

परवा फोनवर तुमच्या पुढच्या गाडीबद्दल बाबांनी "डिझेलच घ्यायची, बाकी तू बघ" असं म्हणून विषय संपवला आणि मागून आईचा आवाज आला, "मला कुणी विचारलंय का?" या दोन वाक्यांपायी माझे तीन रविवार गेले आहेत. हे फोनवर सांगून व्हायचं नाही. बाबा पाचव्या मिनिटाला टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या ओढायच्या जोरावर, घसरतात आणि आई फोन टेबलावर ठेवून निघून जाते. म्हणून लिहून पाठवतेय.

चार गाड्या बघितल्या, चारही डिझेल. प्रत्येकीला त्याच सहा किलोमीटरच्या फेरीवर नेलं. आधी ओळीने पाच गतिरोधक, मग उखडलेला पट्टा, मग उतारावरची दोन उलटसुलट वळणं. आधी स्वतः चालवली, मग सोबतच्या विक्रेत्याला चालवायला देऊन मागे जाऊन बसले. एक जण तर गोंधळूनच गेला. "मॅडम, चालवणार तुम्हीच ना?" मी म्हटलं, आत्ता मी माझी आई आहे, चला.

बाबा, जुनी गाडी तुम्ही सतरा वर्षं चालवलीत. तिच्या मागच्या सीटवर किती वेळा बसलात? मला तरी एकदाही आठवत नाही. आई मात्र "पुढे बसलं की समोरचा ट्रक अंगावर येतो" म्हणून कायम मागे. कमरेशी ती निळी उशी आणि एक हात दारावरच्या हँडलला. त्या हँडलचं दाणेदार प्लॅस्टिक तिच्या चार बोटांपुरतं गुळगुळीत झालंय, कधी बघितलंत? तुम्ही "गाडी कशी रस्त्याला चिकटून जाते" म्हणायचात, तेव्हा आई मागे त्या हँडलला चिकटलेली असायची. खोटं कुणीच बोलत नव्हतं. गाडी एकच, पण पुढच्या सीटवर कळतं ते हँडलिंग, म्हणजे गाडी हाताला कशी वळते ते, आणि मागच्या सीटवर सोसावी लागते ती राइड, म्हणजे हादरे आणि हेलकावे.

यात डिझेलचा स्वतःचा दोष थोडा आहे, तो आधी सांगते. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेलमध्ये हवाच इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात हा दाब साधारण दहा-बारा पटींचा, आपल्या जुन्यासारख्या डिझेलमध्ये वीस पटींच्या पुढे. तो सोसायचा म्हणजे ब्लॉक (इंजिनाचं मुख्य ओतीव अंग), क्रँक (आतला फिरणारा दांडा), सगळंच जाडजूड, त्यावर जादा हवा कोंबणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर. एकाच मॉडेलची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा ५० ते १०० किलो जड निघते आणि यातलं बहुतेक वजन पुढच्या चाकांवर येतं. मग कंपनी पुढच्या स्प्रिंगा कडक करते. जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळणात गाडी आतून जाण्याऐवजी बाहेर ओढते आणि खड्ड्यात पुढून तो ओळखीचा 'धड्' येतो. उतारावरच्या दुसऱ्या वळणाला तुम्ही स्टिअरिंग जास्त का फिरवता, त्याचं कारण हे. तुमचं वय नाही.

सगळ्याच डिझेल गाड्या अशा नाक जड असलेल्या नसतात म्हणा. बीएमडब्ल्यूने सहा सिलिंडरचं डिझेल १९८३ मध्येच आणलं. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात, शिवाय त्यांच्या अशा गाड्यांत इंजिन शक्य तितकं मागे सरकवलेलं असतं. माझदाने २०१२ च्या सुमाराला उलटा विचार केला. दाब चौदा पटींवर आणला, त्यामुळे ब्लॉक ॲल्युमिनियमचा चालला आणि नाक हलकं झालं. आणि मऊपणात सित्रोएनचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्प्रिंगेऐवजी तेल आणि वायू भरलेले गोळे, १९५५ च्या त्यांच्या डीएस गाडीपासूनचे, पुढे त्यांच्या साध्या डिझेल गाड्यांतही होते. बाबा, तुम्ही म्हणाल, या आपल्याला घ्यायच्या आहेत का? नाही. पण डिझेल म्हणजे ट्रक आणि ट्रक म्हणजे कंबर, असं आईच्या डोक्यात बसलंय, ते जावं म्हणून सांगितलं.

आवाजाचं तर आता विचारूच नका. बाबा, तुमचं ते रोजचं: चावी अर्धी फिरवायची, हीटरचा पिवळा पिळाचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर, मग खड-खड-खड आणि आरशातल्या सगळ्या गाड्या दुहेरी. ते आता नाही. १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या १५६ या गाडीत, प्रवासी गाड्यांत पहिल्यांदा, कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल पुरवायची पद्धत) आली, तेव्हापासून डिझेल एका दणक्यात न मारता आधी चिमूटभर आणि मग बाकीचं असं फवारतात. पहिली चिमूट पेटून जागा तयार करते, त्यामुळे ती टकटक उरत नाही. चारपैकी तीन गाड्यांत उभं असताना इंजिन चालू आहे की नाही ते मला काट्याकडे बघून कळलं. चौथीत सीट अजून थरथरते, पण ती वेगळीच जात आहे.

ती चौथी म्हणजे बाबांची लाडकी, उंच, चेसिसवाली एसयूव्ही. शिडीसारख्या चौकटीवर वरचं अंग बसवलेलं आणि मागे अखंड ॲक्सल. चालवायला मला मनापासून आवडली, लपवत नाही. उखडलेल्या पट्ट्यावर वेग कमी करावासाच वाटेना. मग मागे बसले. अखंड ॲक्सलमध्ये एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं, आणि अंग उंच असल्यामुळे डोकं या खिडकीकडून त्या खिडकीकडे जातं. दुसऱ्या वळणानंतर माझाच हात हँडलकडे गेला. आई, तुझी आठवण आली, पण फार प्रेमाने नव्हे.

इथे एक गंमत वाचली ती सांगते, कारण आईचे दोन आजार वेगवेगळे आहेत आणि आपण ते एकच धरतो. आपलं शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त कंटाळतं, पाठीचा कणा त्याच तालावर थरथरतो. ती आईची कंबर. मळमळ येते ती त्याहून फार संथ हेलकाव्यांनी, चार-पाच सेकंदांना एक असा झोका असला की. मधला पट्टा, सेकंदाला एक ते दीड झोका, अंगाला सोसतो, चालण्याची सवय असल्यामुळे असेल. म्हणजे "मऊ गाडी बघ" एवढं म्हणून भागत नाही. फार मऊ, डुलणारी गाडी घेतली तर कंबर वाचेल आणि पोट बिघडेल. आणि ब्रेक व वळणं ही तर चालवणाऱ्याच्या हातातली गोष्ट, बाबा. पुढचं तुम्हाला कळलंच.

तिसरी गाडी सेडान होती, सात वर्षांची जुनी. राइड आणि हँडलिंग दोन्हींत चौघींत पहिली. अंग जमिनीजवळ, दोन चाकांतलं अंतर लांब, मागच्या सीटवर झोप लागावी अशी. पण आईला तिच्यात बसायचं म्हणजे गुडघे दुमडून खाली उतरायचं आणि निघताना कुणाचा तरी हात. एकदा बसून-उठून बघितलं आणि नाव खोडलं. दुसरी छोटी हॅचबॅक होती, तीन सिलिंडरची. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राहिली पहिली, मधल्या उंचीची, चेसिसशिवायची, एकसंध अंगाची. सीट आईच्या कमरेच्या उंचीला, म्हणजे बसायचं ते खुर्चीत बसल्यासारखं. वळणात कलते, पण कलून थांबते, परत उलटी डोलत नाही. माझा कौल हिला. फक्त एक खोच आहे. डिझेल मागितलं की सगळ्यात महागडा प्रकारच पुढे करतात आणि त्याला १८ इंची चाकं. दिसतात झोकात. पण टायरवरचे आकडे बघा: २१५/६५ आर १६ म्हणजे रबराची भिंत १४ सेंटिमीटरची, २१५/५५ आर १८ म्हणजे पावणेबारा-बारा. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण सव्वादोन सेंटिमीटर रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. तेच सव्वादोन सेंटिमीटर आईच्या कमरेत जातात. बाबांना वळणात मात्र १८ इंचीच जास्त आवडेल, हे मला आत्ताच कळतंय. १६ इंचीवाला खालचा प्रकार डिझेलमध्ये आहे, पण थांबावं लागेल. थांबूया.

थांबावं का लागतं, हे बाबा विचारणारच. तुम्ही मागची गाडी घेतलीत तेव्हा डिझेलला चांगली मागणी होती. युरोपात २०१५ पर्यंत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांतली निम्म्याहून अधिक डिझेल असायची. त्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणीत धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, असं सॉफ्टवेअर जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत निघालं. २०२३ पर्यंत तोच वाटा १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. पोर्शने २०१८ मध्ये डिझेल सोडलं, व्होल्वोने शेवटची डिझेल गाडी २०२४ च्या सुरुवातीला बनवली. पण नुसत्या बदनामीने हे झालेलं नाही. धुराचे नियम कडक झाले तसं डिझेलला काजळीचं फिल्टर लागलं, नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी लागली. हा खर्च मोठ्या गाडीत खपून जातो, छोट्या गाडीच्या किमतीला तो जड होतो. म्हणून हॅचबॅक आणि छोट्या सेडान आधी गेल्या आणि उंच, जड गाड्या उरल्या. थोडक्यात, राइड-हँडलिंगमध्ये ज्या चांगल्या, नेमक्या त्याच आता मिळेनाशा झाल्यात. याचा मला खरोखर राग येतो.

त्या काजळीच्या फिल्टरचं नीट ऐका, कारण निर्णय तिथे अडतो. फिल्टरमध्ये काजळी साठते आणि साधारण ६०० अंशांना जळून जाते. तेवढं तापायला गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग धावायला हवी. माझ्या आधीच्या डिझेल गाडीने घर ते ऑफिस चार किलोमीटर एवढंच केलं आणि आठव्या महिन्यात पिवळा दिवा लावला. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची सळई) काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वर चढलेलं, नाकाशी धरलं तर डिझेलचा वास. फिल्टर तापवायला गाडी जादा डिझेल फवारते, मी मध्येच इंजिन बंद करायचे आणि ते न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरायचं. चूक गाडीची नव्हती, माझी होती.

तुमचं सध्याचं चालवणं म्हणजे बँक, दवाखाना, वाचनालय, सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. त्यासाठी डिझेल चुकीचंच. पण दर शनिवारी ताईकडे जाता, एका बाजूने नव्वद किलोमीटर, तिथे फिल्टर स्वतःहून साफ होईल, ॲव्हरेजही मिळेल आणि इंजिनाच्या मिनिटाला १,७५० फेऱ्यांनाच पूर्ण जोर असल्यामुळे गिअर न बदलता ओव्हरटेक होईल, जे बाबांना खरं हवंय. म्हणून शनिवार चालू राहणार असतील तर डिझेल, माझी हरकत नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लांबचं चालवणं बंद करायचा विचार असेल, तर बाबा, आत्ताच सांगा, मग मी पेट्रोल बघते. रागावू नका. हा प्रश्न फोनवर विचारायचं धाडस झालं नाही, हेही पत्र लिहायचं एक कारण आहे.

येत्या रविवारी सकाळी पहिली गाडी पुन्हा मागवली आहे, एकदा १६ इंची चाकांवर आणि एकदा १८ इंची. पहिली फेरी मी चालवणार. आई पुढे बसेल, ट्रक अंगावर येतोय असं वाटलं तर डोळे मिटेल. बाबा, तुम्ही मागे, आईच्या जागेवर. पाच गतिरोधक होईपर्यंत टॉर्क हा शब्द काढायचा नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, येताना ती निळी उशी आणू नकोस. उशी असली की काहीच खरं कळणार नाही.