पिंकीच्या दुखण्याबद्दल, दिलीपला

मूल, जि. चंद्रपूर
१२ जानेवारी

प्रिय दिलीप,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर पिंकीला मानसोपचाराला नेतो म्हटलं आणि तू एकदम गप्प झालास. दुखणं नुसतं मनाचंच की काय, असं तुझ्या मनात आलं ते कळलं मला. काही महिन्यांपूर्वी माझ्याही मनात तेच आलं होतं. म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला रडू येतं आणि तू विषय बदलतोस.

पिंकी सिकलसेलची एसएस, म्हणजे आजार असलेली, आणि आम्ही दोघं एएस, म्हणजे नुसते वाहक, हे तुला ठाऊक आहे. आपल्यात पत्रिका बघत नाहीत याचा मला केवढा अभिमान! रक्ताचा कागद तेवढा बघायला हवा होता. (असं म्हणतो आणि पोरगी जवळपास असली की जीभ चावतो.) विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढं रक्त पोचत नाही, हाडं ठणकतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, दमछाक, काहीही निमित्त पुरतं. ते आम्ही शिकलो होतो. पण गेल्या पावसाळ्यापासून क्रायसिस, म्हणजे अशी अडकल्याची कळ, नसतानाही तिचे पाय आणि कंबर दुखू लागली. आज आहे, उद्या आहे, परवाही आहे. खुब्याचे फोटो काढले, ठीक निघाले. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच. एका दवाखान्यात रात्री ड्युटीवरचे डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, "शाळा बुडवायचं नाटक आहे." त्या रात्रीनंतर ती सांगेनाशी झाली. अभ्रा धुवायला काढला तेव्हा हिला दिसलं, एक कोपरा चावून चावून पार जाळी झालेला.

नागपूरच्या मानसोपचाराच्या ताईंनी पहिल्याच भेटीत तिला सांगितलं, "तुझं दुखणं खरं आहे." पोरगी माझ्याकडे वळून बघायला लागली. मग ताई मला म्हणाल्या, वर्षानुवर्षं कळा सोसल्या की मज्जातंतू हळवे होतात. शेजाऱ्याच्या गाडीवरून मांजर गेलं तरी भोंगा वाजावा, तसं. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं होतं, की वेदनेच्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. भीतीनं ते सताड उघडतं. मन दुसरीकडे गुंतलं, श्वास शांत झाला की ते थोडं लोटलं जातं. थोडंच, बरं का. सिकलसेलच्या मुलांवरचे अभ्यास अजून लहान आहेत, हेही ताईंनी लपवलं नाही.

आता काय करते सांगू? उताणी निजते, पोटावर स्टीलची वाटी ठेवते. श्वास घेताना वाटी वर जाते, सोडताना सावकाश खाली येते. पडू द्यायची नाही. मग डोळे मिटून आजीच्या गावच्या तलावावर जाते. कोणतं कमळ कुठं आहे तेसुद्धा तिनं ठरवलंय. आणि बरं वाटलं त्या दिवशी सगळी कसर भरून काढायची नाही. आधी तेच व्हायचं: रविवारी दिवसभर लंगडी, सोमवारी अंथरुणात. आता वीस मिनिटं खेळ, मग पाणी आणि बैठक. चिडते, पण पाळते.

खरा धडा मात्र मला मिळाला. मी दर दहा मिनिटांनी विचारायचो, "दुखते का बेटा?" ताईंनी एक आठवडा मोजायला लावलं. पहिल्या दिवशी एकतीस वेळा! नसेल दुखत तर आठवण करून देणारा मीच. शिवाय माझा चेहरा बघून ती स्वतःच्या दुखण्याचा अंदाज बांधायची. आता सकाळ-संध्याकाळ ती वहीत शून्य ते दहापैकी आकडा लिहिते, मी वाचतो, बस्स. पहिले पंधरा दिवस जीभ आवरताना घशाशी यायचं.

आकडे फार उतरलेले नाहीत. सहाचे पाच, कधी चार. पण दिवाळीनंतर तिनं शाळेचे सहाच दिवस बुडवले, आणि रात्री झोपते.

औषध सोडलं असं समजू नकोस. हायड्रॉक्सीयुरिया, तिचं सिकलसेलचं औषध, रोज चालू आहे. एकशे एकच्या वर ताप, छातीत कळ, दम लागणं, पोट फुगणं, हात किंवा पाय लुळा पडणं, यातलं काही झालं की वाटी बाजूला, थेट दवाखाना. तिथं श्वास मोजत बसायचं नाही.

राग येतो तो एवढ्याचाच की ताईंकडे जायचं तर एसटीनं नागपूरला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेलची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत उच्चाटन. चांगलंच आहे. पण आज जी पोरं आहेत त्यांच्या रात्रींसाठी तालुक्याला एखादी ताई नको का?

उन्हाळ्यात येशील तेव्हा "पाय कसा आहे" म्हणून दारातच विचारू नकोस. कॅरम काढ. राणीवर तिचा डोळा असतो, आणि हरलास तर चिडायचं नाही, मी चिडतो.

वहिनींना जय भीम, पोरांना गोड पापा.

तुझा,
सुधाकर