स्तुती शेजाऱ्याला कळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की भायखळा-माझगावपासून विक्रोळी-भांडुपपर्यंत आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले तरुण नाताळची गाणी गात बाहेर पडतात. प्रभूची स्तुती चर्चच्या भिंतींबाहेर व्हावी, शेजारीपाजाऱ्यांच्या कानी पडावी, हा हेतू. कानी पडते खरी, कळत मात्र नाही. टेम्पोवर जनरेटर, दोन मोठे स्पीकर, कीबोर्डचा तयार ठेका आणि गाणे निम्मे इंग्रजी, निम्मे हिंदी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात त्या येशूवरच्या रागाने नव्हे. म्हणून हे पत्र, मुख्यतः आमच्याच लोकांसाठी.

आधी आवाजाचा हिशेब. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात तो आवाजच ६०च्या आसपास जातो. तेव्हा स्पीकर लावला की मर्यादा मोडली, असेच धरून चालावे. वर लाउडस्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते ती वेगळीच. ‘नियम आम्हालाच का?’ असे विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सर्वोच्च न्यायालयात हा वाद नेला होता तो चेन्नईच्या एका चर्चनेच, आणि २००० साली निकाल चर्चच्या विरोधात गेला. इतरांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालय म्हणाले. मुंबईत पटांगणात होणारी नाताळची ‘मध्यरात्रीची’ मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, आता कित्येक ठिकाणी दहाच्या आत आटोपते. कोणाची भक्ती त्याने कमी झालेली नाही.

खरे तर चाळीच्या चौकात स्पीकर लागतच नाही. तीन बाजूंनी गॅलऱ्या असल्या की पंधरा गळ्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आपोआप चढतो. बिघडते ते दुसरीकडे. समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तो पुढच्या शब्दावर आदळतो आणि जलद ठेक्यात सगळ्याचा गलका होतो. म्हणून चाल मध्य लयीतली, शब्द सुटे, आणि ढोलकीवाला गाणाऱ्यांच्या मागे. तो पुढे उभा राहिला की त्याच्या थापेखाली व्यंजने बुडतात आणि ‘तारणारा’ आणि ‘मारणारा’ यांतला फरक ऐकणाऱ्याने ताडायचा. बायका-पुरुष एकत्र गाताना पट्टीचाही घोळ होतो. पेटीवाला आपल्या सवयीची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरतो, बायकांचा आवाज खालीच अडकतो आणि दुसऱ्या कडव्यापासून निम्मी मंडळी नुसते ओठ हलवतात. पांढरी तीनच्या आसपास षड्ज, म्हणजे ‘सा’, धरावा, वरच्या षड्जापलीकडे न जाणारी चाल निवडावी, धृपद सर्वांनी आणि कडवी आळीपाळीने म्हणावीत. एका चौकात दोन पदे, फार तर तीन. सोसायटीच्या सेक्रेटरींना चार दिवस आधी सांगावे. कोणाच्या घरात आजारपण असेल, परीक्षा असेल, तर ते तेव्हाच कळते.

आणि गावे मराठीत. साहित्याची वाण आहे असे तर नाही. फादर स्टीफन्स यांनी ओव्यांत रचलेली ख्रिस्तकथा गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापली गेली. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये याच मुंबईत झाला, आणि त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहात आजही आहेत. ती रविवारी आत म्हणायची आणि रस्त्यावर मात्र परक्या चालीची भाषांतरे, हे कोडे मला उलगडलेले नाही.

पदांच्याही पुढे जायचे तर कीर्तन आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे रुजलेले ख्रिस्ती कीर्तन मुंबईत आता क्वचितच कानी पडते. साज नेहमीचाच: पेटी, तबला, टाळ, चिपळ्या. नमन, मग पूर्वरंगात एक मूळ पद आणि त्यावर वीस-पंचवीस मिनिटे निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत आख्यानाला नुसता सोने आहे: वाटणी मागणे, परदेश, दुष्काळ, डुकरांच्या शेंगा, परतीची वाट आणि दुरूनच धावत येणारा बाप. पण बाप धावत आला की थांबता आले पाहिजे. तिथे बुवा दहा मिनिटांचा उपदेश जोडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांच्या दैवतांवर घसरतात. मग दीड तास कमावलेले दोन वाक्यांत जाते.

साक्ष देण्याचे, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्याचेही तेच. संविधानाचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्याच वेळी १९७७च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपली तत्त्वे समजावून सांगणे म्हणजे प्रसार; दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातली आज्ञाही याहून वेगळी नाही: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. विचारणाऱ्याला! स्टेशनबाहेर सहाच्या गर्दीत हातात कोंबलेले पत्रक दहा पावलांवर पायदळी जाते, आणि त्यावर प्रभूचे नाव असते. पत्रक द्यायचेच तर एकच दृष्टांत, ठळक अक्षर, मागे चर्चचा पूर्ण पत्ता आणि उपासनेची वेळ, एवढे पुरे. नरकाची चित्रे नकोत. लहान मुलांच्या हाती आईबापांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. गरजूंना वाटायच्या धान्याच्या पिशवीत तर पत्रक कधीच घालू नये. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट खरी असो वा रचलेली, शेकडो वर्षांनी अजून लोकांच्या तोंडी आहे. आपल्या पिशवीने तिला नवे पाय फुटतील.

चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभेच्या, फलकांबद्दलही बोलले पाहिजे. रुग्णासाठी प्रार्थना करणे गुन्हा नाही. ‘अमुक रोग हमखास बरा’ असे छापणे मात्र १९५४च्या जादुई उपचार-जाहिरात कायद्याच्या आणि चमत्काराच्या नावाने लोकांना ठकवणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कचाट्यात येते. इस्पितळात रुग्णाने मागितली तर दोन मिनिटांची प्रार्थना, हळू आवाजात, शेजारच्या खाटेचे भान ठेवून. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला पाळकांनी तिथल्या तिथे थांबवावे.

उघड्यावरची स्तुती कशी असावी, हे पाहायला लांब जायला नको. वांद्र्याच्या रानवारला, माझगावच्या म्हातारपाखाडीला, जुन्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे आहेत, त्यांतले बरेचसे १८९६च्या प्लेगच्या साथीनंतरचे. मे महिन्यात संध्याकाळी क्रुसाला फुले घालतात, जपमाळ आणि लितानी (आळीपाळीने म्हणायची प्रार्थना) म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. चणे घ्यायला सगळ्या आळीची मुले येतात, आणि ‘हे काय म्हणता?’ असे तीच विचारतात.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. ‘शहरात आज’सारख्या सदरात नाताळच्या काळात मराठी उपासना आणि ख्रिस्ती कीर्तने यांच्या जागा व वेळा छापाव्यात. मंडळ्यांनीही त्या आपल्याकडे आठवडाभर आधी, मराठीत टाइप करून पाठवाव्यात. २३ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून नव्हे.

आपला,
एक वाचक, भायखळा, मुंबई