‘अमुकचे जनुक सापडले’ असे छापताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तपत्रांत आता विज्ञानाच्या बातम्या पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त येतात, आणि अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला त्याचे समाधान वाटते. एक गोष्ट मात्र खटकते. ‘लठ्ठपणाचे जनुक सापडले’, ‘रागीटपणाला जबाबदार जनुकाचा शोध’ या धर्तीचे मथळे वाचले, की जनुक म्हणजे घरातल्या विजेच्या बटणांसारखे काहीतरी असावे, एक दाबले की एकच दिवा लागतो किंवा विझतो, असा वाचकाचा समज होतो. सस्तन प्राण्याच्या गर्भात असे सहसा घडत नाही. ते कसे कळले, हे एका संशोधकाच्या कामावरून चांगले समजते, म्हणून हे पत्र.

मारिओ कापेकी यांचा जन्म १९३७ चा, इटलीतल्या व्हेरोना शहरातला. २००७ साली त्यांना मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा महायुद्धाच्या काळात आईपासून दुरावलेल्या या मुलाच्या हालअपेष्टांवर पुष्कळ लिहिले गेले. ती हकीकत हृदयद्रावक आहे, पण तिच्या भरात त्यांनी नेमके काय केले ते सांगायचे राहूनच गेले.

हार्वर्ड सोडून १९७३ मध्ये ते अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आले. अतिशय बारीक काचेच्या सुईने सस्तन प्राण्याच्या पेशीच्या केंद्रकात डीएनए टोचण्याचे काम ते तिथे करत होते. टोचलेल्या डीएनएच्या अनेक प्रती गुणसूत्रात कशाही विखरून न बसता रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक, एकाच दिशेला तोंड करून जोडल्या जातात, हे त्यांच्या लक्षात आले. यावरून त्यांनी काढलेला अर्थ असा, की सारख्या मजकुराचे तुकडे ओळखून जुळवणारी यंत्रणा या पेशींत आधीपासूनच आहे. तसे असेल, तर आपण तयार केलेला बिघडवलेला तुकडा मूळ जनुकाच्या नेमक्या जागी बसवता आला पाहिजे, म्हणजे ते जनुक बाद होईल आणि त्याच्यावाचून काय अडते ते पाहता येईल. १९८० मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितले, तेव्हा परीक्षकांनी अर्जातल्या इतर कामांचे कौतुक केले आणि हे नेमके काम सोडून द्यायला सांगितले. कापेकींनी पैसे घेतले आणि त्यातले बहुतेक याच कामावर खर्च केले. (आपल्याकडे खर्चाचे असे विवरणपत्र भरले असते, तर लेखापरीक्षणात काय झाले असते ते सांगायला नको.) चार वर्षांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा हाताशी निष्कर्ष होते, आणि आपला सल्ला मानला नाही ते बरेच झाले, अशी कबुली परीक्षकांनी दिली.

पेशीत जमले, पण पेशीपासून उंदीर कसा व्हायचा? त्याचे उत्तर केंब्रिजमधल्या इव्हान्स यांच्याकडे होते. उंदराच्या कोवळ्या भ्रूणातून काढलेल्या आणि शरीरातला कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या पेशी काचेच्या बशीत वाढवण्याची रीत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. कापेकी केंब्रिजला जाऊन ती शिकून आले. पुढची कृती मी वर्गात नेहमी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवत असे. तपकिरी उंदराच्या वंशातल्या अशा पेशींमध्ये हवे ते जनुक बिघडवायचे, त्या पेशी काळ्या उंदराच्या चार दिवसांच्याही आतल्या भ्रूणात टोचायच्या आणि तो भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. तीन आठवड्यांच्या आत पिल्ले होतात आणि आठवड्याभरात त्यांच्या अंगावर लव येते. काळ्या अंगावर तपकिरी पट्टे दिसले, की टोचलेल्या पेशी गर्भात रुजल्या असे समजायचे. हे पट्टेरी पिल्लू मोठे झाल्यावर त्याची काळ्या उंदराशी जोडी लावायची. त्या विणीत पूर्ण तपकिरी पिल्लू निघाले, म्हणजे बदल पुढच्या पिढीत उतरण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. कापेकींनी हे हत्यार होक्स या जनुकांवर चालवले. शरीराच्या डोक्याकडून शेपटीकडे जाताना कोणत्या भागाने काय व्हायचे, हे ही जनुके ठरवतात. फळमाशीत अशी आठ आहेत. उंदरात आणि आपल्यातही ३९ आहेत, आणि ती चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर वसलेली आहेत. चार आळ्यांत एक ते तेरा नंबरची घरे असावीत आणि काही आळ्यांत मधली काही घरे पडलेली असावीत, तसा हा प्रकार आहे. एकाच नंबरची घरे एकमेकांची भाऊबंद.

माशीत यातले एक जनुक बिघडले तरी मोठी उलथापालथ होते. उंदरात सुरुवातीला तसे स्पष्ट चित्र दिसेना. १९९१ मध्ये तिसऱ्या नंबरचे एक जनुक बाद केले, तर पिल्लांत थायमस ही छातीतली, रोगप्रतिकाराच्या पेशी घडवणारी ग्रंथी नव्हती, पण मणके ठीक होते. मग त्याच नंबरच्या दुसऱ्या आळीतल्या भाऊबंदालाही बाद केल्यावर मानेचा पहिला मणकाच नाहीसा झाला. अकरा नंबरची दोन जनुके अशीच. एकेकटे बाद केले तर पुढच्या पायाच्या हाडांत किरकोळ दोष, दोन्ही मिळून बाद केली तर कोपरापासून मनगटापर्यंतची हाडे जवळपास नाहीशी.

सर्वांत बोलका प्रयोग कापेकी आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या डेनीन वेलिक यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. दहा नंबरची जनुके तीन आळ्यांत आहेत, प्रत्येकाच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन, म्हणजे एकूण सहा प्रती. या सहाही प्रती बाद झालेला उंदीर हवा होता. तिन्ही जनुकांची एकेक प्रत बिघडलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर मेंडेलच्या हिशेबाने ६४ पिल्लांत एक असे निघते, आणि एका विणीत पिल्ले होतात सात-आठ. तसे पिल्लू मिळाल्यावर हाडे लाल आणि कूर्चा निळी करणाऱ्या रंगांनी त्याचा सांगाडा रंगवला. एरवी उंदराच्या बरगड्या छातीपाशी संपतात आणि पुढे कमरेचे मणके मोकळे असतात. या सांगाड्यात कंबर नव्हतीच! बरगड्या छातीपासून थेट शेपटीच्या बाजूपर्यंत, फणीच्या दातांसारख्या ओळीने गेलेल्या होत्या. सहापैकी पाच प्रती बाद असल्या आणि एकच शाबूत राहिली, तरी हा सगळा गोंधळ दिसत नाही, असेही त्यांनी नोंदवले आहे. तेव्हा ‘कमरेचे जनुक’ असा मथळा द्यायचा, तर तो कोणत्या प्रतीच्या नावाने द्यायचा? शिवाय हे जनुक कंबर बनवते असेही नाही. बरगडी उगवू न देणे हे तिथे त्याचे काम दिसते.

याच प्रयोगशाळेतले आणखी एक उदाहरण मथळे देणाऱ्यांनी जरूर पाहावे. आठ नंबरचे एक जनुक बाद केलेले उंदीर स्वतःचे अंग इतके चाटत आणि चावत राहतात, की केस झडून जखमा होतात. हे २००२ साली कळले. त्या वेळी त्याला ‘विक्षिप्त वागण्याचे जनुक’ म्हणणे सोपे होते. २०१० मध्ये त्याच गटाने दाखवले, की या उंदरांना निरोगी उंदरांच्या अस्थिमज्जेचे रोपण केले तर हे वागणे कमी होते, मेंदूतल्या ज्या संरक्षक पेशींत हे जनुक काम करते त्या अस्थिमज्जेतून आलेल्या असतात, असे कारण त्यांनी तेव्हा दिले. वागण्यातला दोष मज्जेतून दुरुस्त होतो, हे मला स्वतःला पहिल्यांदा वाचताना खरे वाटले नव्हते.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला मुले कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून ४८ तासांचा गर्भ पाहत आणि धडधडणारे हृदय दिसले की हमखास विचारत, ‘सर, हे कुठल्या जनुकामुळे?’ ‘कुठल्या कुठल्या जनुकांमुळे, असे विचार,’ हे माझे ठरलेले उत्तर असे. आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की मथळ्यात ‘अमुकचे जनुक’ऐवजी ‘अमुकशी संबंध असलेले जनुक’ असे लिहावे, प्रयोग उंदरावर झाला असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे, आणि जनुकाची एक प्रत बिघडवली होती की दोन्ही, एवढे मूळ शोधनिबंधात पाहून घ्यावे. त्याला फार तर दोन ओळी जास्त लागतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक, सातारा