मार्टिन हे नाव

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बाळाचं नाव सांगितलंस आणि लगेच विचारलंस, "बाबा, तुम्हाला चालेल ना?" तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही. आता लिहितो. मला चालेलच, आणि आनंदानं चालेल. लेनाच्या आजोबांचं नाव पणतवाला ठेवायचं यात परकं काही नाही. तुझ्या चुलतभावाला आपल्या आप्पांचंच नाव आहे. आईने 'मल्हार' सुचवलं होतं, ते पाळण्यातलं नाव म्हणून राहू दे. तिचंही मन राहील.

पण तीस वर्षं इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे मार्टिन म्हटल्यावर कोणकोण मार्टिन होऊन गेले ते डोळ्यांपुढे येऊ लागले. मुलगा उद्या विचारील, तेव्हा तुला सांगता यावं म्हणून हे पत्र.

माझ्या पिढीला आधी आठवतो तो मार्टिन क्रो. १९९२च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा हा कर्णधार नवा चेंडू ऑफस्पिनर दीपक पटेलच्या हाती द्यायचा आणि समोरचे सलामीवीर गोंधळून जायचे. त्या स्पर्धेत त्याने ४५६ धावा केल्या. पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ९१ काढताना पाय दुखावला, क्षेत्ररक्षणाला उतरता आलं नाही आणि सामना हातचा गेला. त्याच्या आदल्या वर्षी वेलिंग्टनला तो कसोटीत २९९वर बाद झाला होता. २०१६ साली कर्करोगाने गेला. त्याची फलंदाजी मला फार आवडायची.

या नावाचं मूळ मात्र फार मागे आहे. मार्स हा रोमन लोकांचा युद्धदेव, त्याच्यावरून मार्टिनस. ज्या मार्टिनमुळे हे नाव युरोपभर झालं, तो ३१६च्या सुमारास आजच्या हंगेरीत जन्मला. बाप रोमन सैन्यात, त्यामुळे पोरगाही नियमाप्रमाणे सैन्यात गेला. फ्रान्समधल्या आमियाँच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. जवळ द्यायला काही उरलं नव्हतं. त्याने तलवारीने अंगावरचा झगा दुभागला आणि अर्धा त्याला दिला. ही गोष्ट तिकडे पोराटोरांना पाठ असते. त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या सुल्पिसियस सेवेरसने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात एक तपशील आहे तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: अर्धवट झग्यातला शिपाई पाहून आजूबाजूचे काही लोक हसले. तरी तो तसाच राहिला.

पुढची गोष्ट तर तुमच्या मानहाइमच्या शेजारची आहे. व्होर्म्सला सैन्य जमलं होतं, उद्या लढाई, आणि सेनापती ज्युलियन शिपायांना बक्षिसी वाटत होता. मार्टिनने पैसे घेतले नाहीत, यापुढे लढणार नाही म्हणाला. भित्रा म्हणून हिणवल्यावर त्याने सांगितलं की उद्या हातात शस्त्र न घेता मी सैन्याच्या पुढे उभा राहतो. त्याला कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तह मागितला. युद्धदेवाचं नाव घेऊन जन्मलेल्या माणसाने शस्त्र खाली ठेवलं, हे मुलाला जरूर सांग.

पुढे तो फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप झाला. प्रिसिलियन नावाच्या पाखंडी ठरवलेल्या धर्मगुरूची मतं त्याला पटत नव्हती, तरी त्याचा जीव घेऊ नका म्हणून तो ट्रिअरला सम्राटापुढे अडून बसला. सम्राटाने ऐकलं नाही. पण याच मार्टिनने खेडोपाडीची जुनी देवळं पाडली, पवित्र मानलेलं झाड तोडायला लावलं. ज्यांची ती देवळं होती, त्यांना काय वाटलं असेल ते आपल्याला कळतं. हेही सांगायचं, लपवायचं नाही.

त्याला ११ नोव्हेंबरला पुरलं, म्हणून तो त्याचा दिवस. जर्मनीत मुलं त्या संध्याकाळी कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात, पुढे लाल झग्यातला घोडेस्वार असतो. पहिलं महायुद्धही १९१८ साली याच तारखेला थांबलं.

१० नोव्हेंबर १४८३ला आइस्लेबेनमध्ये एका घरी मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा, आणि दिवस संत मार्टिनचा, म्हणून नाव मार्टिन. तोच ल्यूथर, पोपच्या सत्तेला आव्हान देणारा धर्मसुधारक. १५२१ साली त्यालाही व्होर्म्सलाच बोलावलं. समोर सम्राट पाचवा चार्ल्स, टेबलावर त्याची पुस्तकं, आणि हुकूम एकच: लिहिलेलं मागे घे. त्याने घेतलं नाही. त्यानंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून त्याने बायबलमधल्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं, घरातली आई आणि बाजारातला माणूस कसं बोलतो ते ऐकून. तू आणि लेना ज्या भाषेत बोलता, तिच्या घडणीत त्या भाषांतराचा मोठा वाटा आहे. निनाद, गाडीने अर्ध्या तासावर आहे हे गाव. मुलगा जरा मोठा झाला की त्याला तिथे घेऊन जा.

पण याच ल्यूथरने १५२५च्या बंडात शेतकऱ्यांना ठार करा असं राजांना सांगितलं, आणि १५४३ साली ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा असं लिहिलं. चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण वापरलं. हिटलरचा सचिव बोरमान हाही मार्टिनच. आणि व्हिएन्नात जन्मलेला ज्यू तत्त्वज्ञ बूबर, तोही मार्टिन! गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, तेव्हा १९३९ साली बूबरने त्यांना आदराने पण ठामपणे उलट पत्र लिहिलं की तुम्हाला आमची स्थिती कळलेली नाही. ते पत्र मी वर्गात वाचून दाखवायचो. गांधीजींविषयी अपार आदर असूनही मला बूबरचं म्हणणं पटतं.

आता माझा सगळ्यात लाडका मार्टिन. अटलांटातला एक पाद्री मायकल किंग १९३४ साली बर्लिनच्या बाप्टिस्ट परिषदेला गेला, ल्यूथरची गावं पाहून आला, आणि परतल्यावर त्याने स्वतःचं नि पाच वर्षांच्या मुलाचंही नाव बदललं. मुलगा मायकलचा मार्टिन ल्यूथर किंग झाला. जन्मदाखल्यावर तो बदल १९५७ साली झाला, तोवर माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी केलेला बसबहिष्कार जिंकून झाला होता. १९५९ साली तो महिनाभर भारतात होता. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजी राहत त्या जागी त्याने मुक्काम केला. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्याची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्याला राग आला, मग विचार केल्यावर ते खरं आहे हे त्याने मान्य केलं. १९६४ला तो पूर्व बर्लिनमध्येही गेला. पासपोर्ट त्याच्याजवळ नव्हता, अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड दाखवून त्याने सीमा ओलांडली आणि खच्चून भरलेल्या चर्चमध्ये बोलला.

म्हणजे बघ, अटलांटाच्या पोराला जर्मन साधूचं नाव, त्या साधूला रोमन शिपायाचं, आणि तिघांच्याही आयुष्यात एक क्षण असा की समोर सत्ता उभी आहे आणि हा माणूस नाही म्हणतो. बाळावर त्याचं ओझं घालू नका. त्याने व्हायोलिन वाजवावं नाहीतर दिवसभर फुटबॉल खेळावा. फक्त गोष्टी पूर्ण सांगा, देवळं पाडल्याची आणि ज्यूंविरुद्ध लिहिल्याचीसुद्धा. अर्धी गोष्ट सांगितली की मुलं मोठेपणी आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे मी वर्गात पाहिलं आहे.

एक काम कर. लेनाच्या आजोबांना विचार की त्यांचं नाव कुणी आणि का ठेवलं. त्या वयाच्या जर्मन माणसाच्या नावामागे काय काय असेल. ते सांगतील तसं लिहून ठेव, मला फोनवर वाचून दाखव.

बारशाला आम्ही दोघं आणि ताई येतोय. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तिने आधीच ठणकावून सांगितलंय. व्हिसासाठी तुझं निमंत्रणपत्र लागेल, ते या आठवड्यात पाठव. आई डिंकाच्या लाडवांची तयारी करतेय, लेनाला सुकामेव्यातलं काही वर्ज्य असेल तर कळव. तिला सांभाळ, रात्री उशिरापर्यंत काम करत बसू नकोस.

तुझा,
बाबा