सहावं वर्ष लागलं म्हणून

नागपूर

प्रिय मंगेश,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. ‘पीएचडीचं सहावं वर्ष लागलं, माझ्यातच दम नाही’ असं लिहिलंस, ते मी मानणार नाही. गेलेल्या वर्षांचा हिशोब तरी मांडून बघ.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत पीएचडीला जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, पण ती प्रवेशाच्या तारखेपासून धरतात. कोर्सवर्क, त्याची परीक्षा, विषयाची मंजुरी यातच तुझा बराच काळ गेला. मग फेलोशिप नाही म्हणून तू तासिका तत्त्वावर शिकवायला लागलास. घेतल्या तासांचेच पैसे, उन्हाळ्यात तेही नाहीत. म्हणजे लिहायला सवड मिळते नेमकी तेव्हाच तू शिकवण्या शोधत फिरतोस. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळालेल्यांना निदान महिना ३७ हजारांचा आधार असतो, तोही ५ वर्षांत संपतो. सहाव्या वर्षी खोलीभाडं आणि घरखर्च कसा चालवायचा, याचा विचार कोणीच केलेला नाही. याचा मला फार राग येतो.

गाइडसरांवरचा तुझा रागही समजतो. प्रकरण देऊन महिनोन्‌महिने उत्तर येत नसेल तर माणूस थंड पडणारच. पण एका प्राध्यापकाकडे ८ पर्यंत विद्यार्थी असू शकतात, त्यात भरती रखडलेली, परीक्षेची कामं, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. म्हणून ‘सर, वाचलं का?’ एवढंच विचारू नकोस. दहा-पंधरा पानं दे, सोबत तुझे प्रश्न लिहून दे आणि भेटीची तारीख मागून घे. दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण होतं, तिथेही ही अडचण नोंदवून घे.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या विषयाची. इथली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. तिथपासून ती बंद पडेपर्यंत कामगारांचं सगळं जगणं तू एका प्रबंधात धरायला निघालास. एकट्याचं काम नाही रे हे! अभिलेखागारात गेलास की नवी फाइल सापडते, आणि ती सापडली की लिहिणं पुढे ढकललं जातं. कोर्सवर्कमध्ये आपल्याला संशोधन पद्धती शिकवली. वाचन कुठे थांबवायचं आणि लिहायला कधी बसायचं, हे कोणी शिकवलं नाही. म्हाताऱ्या गिरणी कामगारांच्या ज्या मुलाखती तू घेतल्यास, त्या दुसऱ्या कोणाकडे नाहीत. त्यातले काही जण आज हयातही नाहीत. त्यांच्या बोलण्यावरच प्रबंध उभा कर. जुन्या काळाला एक प्रकरण पुरे. शीर्षक बदलावं लागलं तर समितीकडे आत्ताच अर्ज टाक.

पुनर्नोंदणी करून २ वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. तो अर्ज मुदत संपायच्या आत दे. त्यात कमीपणा कसला?

दिवाळीच्या सुट्टीत इकडेच ये. मुलाखतींचं प्रकरण कच्चं असलं तरी घेऊन ये, मी ओळ न्‌ ओळ वाचून देईन. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश