आत मायनस, बाहेर प्लस

कराड,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पक्या,

स. न. वि. वि. (हे लिहिलं की भोकरे सर एक मार्क जादा द्यायचे, म्हणून लिहिलं.)

फोन करणार होतो. तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू मध्येच हसतोस, मग मी विषय बदलतो, मग दोघं मिळून नान्याला शिव्या घालतो आणि फोन संपतो. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे. नाही, नको. तूच वाच.

तब्येत ठीक. शुगर काठावर आहे, गोळी सुरू आहे. आईचा गुडघा तसाच. झालं.

आता मुद्दा. पत्रे बदलायचे होते म्हणून गणपतीनंतर माळा उपसला. तात्यांच्या कोर्टाच्या फायली, मोत्याची साखळी, आक्काच्या लग्नातल्या पाटांची चवड, आणि सगळ्यात खाली आपला टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम. खोक्यासकट. झाकणावर तुझ्या त्या किडामुंगी अक्षरात ‘पक्या + सुन्या, समान हक्क’, आणि मागच्या बाजूला कुणाचा कुठला आठवडा त्याचा तक्ता. शेवटची खूण रविवार, १८ मे १९९७. तुझा आठवडा सुरू व्हायचा होता तो.

मी खोकं तसंच घेऊन स्टँडमागच्या टीव्हीवाल्याकडे गेलो. आपला तो म्हातारा नाही, त्याचा मुलगा. त्यानं चार स्क्रू काढले आणि वरचं झाकण उचललं. अरे, आत काही नाहीच! एवढ्या मोठ्या डब्यात तळहाताएवढी एक पट्टी, आणि तिच्या मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा गोळा. ती म्हणे चिप. अख्खा गेम त्या एका थेंबात. आठवतंय, आपण दोघं टॉर्च घेऊन फटीतून आत बघायचो आणि तू म्हणायचास, आत छोटा टीव्ही आहे?

पोरानं मल्टिमीटर लावला. पिनेजवळचा कॅपॅसिटर फुटलेला, आणि त्याच्या शेजारी तीन पायांचा एक काळा तुकडा, ७८०५, तो मेलेला. बाहेरून येणारे नऊ व्होल्ट कापून आतल्या चिपला पाचच द्यायचे, एवढंच त्याचं काम. तो म्हणाला, “साहेब, हा व्होल्टेजनं नाही गेला. कुणीतरी उलटा अडॅप्टर लावलाय.”

मग त्यानं खोक्यातला आपला अडॅप्टर काढून दाखवला. ह्या गेमला पिनेच्या आत मायनस आणि बाहेर प्लस लागतो. आपला गेम म्हणजे एका जपानी यंत्राची नक्कल. मूळ यंत्रही तसंच होतं, नक्कल करणाऱ्यांनी तेही उचललं. आपल्याकडच्या बऱ्याच वस्तूंना बरोबर उलटं लागतं. आणि खोक्यात दुसरा एक अडॅप्टर होता. आमच्या टेपरेकॉर्डरचा. त्याच्या पाठीवर छोटं चित्र आहे, मध्ये प्लस.

पक्या, तो तिथं कसा आला?

दहा दिवस झाले, मला हेच पडलंय. आधी स्वतःला सांगून बघितलं की तात्यांनी टाकला असेल. पण मग एकेक आठवायला लागलं. शनिवारी रात्री मोत्यानं गेमच्या अडॅप्टरची वायर चावली होती. सकाळी तुला द्यायचा होता, आणि मला त्या रात्री कॉन्ट्रा गेममधला धबधबा पार करायचाच होता. मी टेपचा अडॅप्टर लावला. पिन बसली. टक् असा बारीक आवाज आला, फटाक्याची वात विझावी तेवढाच. आणि एक वास. तो वास मला आता पत्र लिहिताना येतोय. मग मी चावलेल्या वायरी पिळल्या, काळी टेप गुंडाळली, सगळं खोक्यात भरलं आणि सकाळी तुझ्या हातात दिलं. काही बोललो नाही.

मला तेव्हा कळलं होतं का? कधी वाटतं, अडॅप्टरच गेला असं समजलो असेन, बारा वर्षांचा होतो. कधी वाटतं, कळलं होतं. नाहीतर तू दुपारी रडत आलास तेव्हा ‘तू जाळलास’ हे माझ्या तोंडून इतक्या पटकन कसं निघालं? मी तर अजून पाहिलाही नव्हता.

त्या दिवशी लाइट कमीजास्त होत होती, म्हणून सगळ्यांना पटलं. अण्णांनी तुला बेल्टनं मारलं, दुपारी टीव्ही लावला म्हणून. आणि मी तुझी बॅट घेतली, भरपाई म्हणून. आठवी अख्खी आपण बोललो नाही. नववीत बाई मधल्या रांगेत एका बाकावर बसवतात काय आणि ‘पट्टी दे’ म्हणून आपण पुन्हा सुरू होतो काय. त्यानंतर हा विषय निघाला की तू हसून म्हणायचास, “आपण नाय बाबा हात लावत, आपल्या हातानं जळतं.” तुझ्या लग्नातही म्हणालास, मिक्सर बंद पडला तेव्हा. मी पण हसलो. सगळ्यात जास्त हसलो.

बॅटीचं सांगतो. आईनं तिनं सहा वर्षं गोधड्या बडवल्या. मग चुलीत गेली.

झोप येत नाही म्हणून रात्री ह्या यंत्राचं वाचत बसतो. बायको म्हणते, परीक्षा आहे का. तुला म्हणून सांगतो, आपण ज्याला ‘मनीष मार्केटचा माल’ म्हणायचो त्याचं खानदान मोठं आहे. मूळ यंत्र निन्टेंडोचं, ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लाडाचं नाव फॅमिकॉम. जपानात १५ जुलै १९८३ ला आलं. मासायुकी उएमुरा म्हणून इंजिनिअर होते, त्यांचं काम. किंमत १४,८०० येन. आतली मेमरी किती, तर २ केबी. मारिओचा अख्खा गेम ४० केबीत बसवलाय. तू रोज सकाळी ते गुलाबाचं सुप्रभात पाठवतोस ना, तसल्या एकेका फोटोत दोन-चार मारिओ मावतील. (पाठवणं कमी कर.)

एक गोष्ट तुला आवडेल. तुझं कायमचं दुखणं होतं की दुसऱ्या रिमोटला स्टार्टच नाही, आणि तो तुझ्याच वाट्याला. मी म्हणायचो, चायनावाल्यांनी बटणाचे पैसे वाचवले. तसं नाही. मूळ जपानी यंत्रातच दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हतं. त्याऐवजी छोटा माइक होता, ओरडायला! तुला बटण नाही ते नाहीच, वर माइकही गाळला. अन्याय दोनदा झालाय, नोंद घ्यावी.

आणि कॉन्ट्रात तीस जीव मिळायचे तो कोड. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. तू तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला होतास आणि भोकरे सरांना वाटलं कॉपीची खूण आहे. तो कोड काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसानं घातला. कॉन्ट्राच्याही आधी, १९८६ च्या ग्रेडियस नावाच्या गेममध्ये. कारण? तो गेम ह्या यंत्रावर उतरवायचं काम त्याच्याकडे, आणि तपासताना त्याला स्वतःलाच तो पार होईना. २०२० मध्ये वारला बिचारा. मी वाचलं तेव्हा पहिलं मनात आलं, हे पक्याला सांगायला पाहिजे. मग बॅट आठवली.

नकलांचा धंदा बघ. तैवान-चीनकडच्या कारखान्यांनी मूळच्या सगळ्या चिपा एकात कोंबल्या आणि वर तो डांबराचा थेंब टाकला, की झालं यंत्र. १९९२ पासून रशियात हेच ‘डेंडी’ म्हणून खपलं, खोक्यावर हत्ती. पोलंडात ‘पेगासस’. चीनमध्ये ‘शियाओबावांग’, की-बोर्ड लावून, म्हणजे आईबापांना सांगायला, अभ्यासाचं आहे. आपल्याकडे कुणाचं ‘लिटल मास्टर’, कुणाचं ‘मीडिया’, कुणाच्यावर नावच नाही. आपल्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलं होतं आणि मोजून तीस गेम निघाले, पुढे तेच नाव बदलून. तू वहीत मोजले होतेस, तीनशे सतरापर्यंत गेला होतास तेव्हा मी झोपलो होतो.

निन्टेंडोच्या हिशेबात त्यांची ६ कोटी १९ लाख यंत्रं जगात विकली गेली. त्यात आपलं नाही. डेंडी नाही, पेगासस नाही. ह्या गेमांवर पुस्तकं आहेत, लिलाव होतात, त्यात आपण कुठेच नाही, चोरीचा माल म्हणून एखादी ओळ. पण खरा माल आपल्याला परवडला असता का? १९९५ ला सेगाचा मेगा ड्राइव्ह आपल्याकडे आला तो शॉ वॉलेसनं आणला. हो, तेच दारूवाले. किंमत १८,०००. तात्यांचे पाच-सहा पगार. आपला तुझ्या मामानं ९५० ला आणला, ४७५ तुझे आणि ४७५ माझे, माझ्यातले दीडशे मुंजीचे. मला तर वाटतं, ह्या जगात मारिओ पहिल्यांदा ज्यांनी बघितला त्यातल्या निम्म्यांनी चोरीचाच बघितला असेल. हा आकडा माझा आहे, कुठे वाचलेला नाही, नाहीतर तू पुरावा मागशील.

तर, चालू झाला. पोरानं नवा ७८०५ आणि कॅपॅसिटर टाकला, नवी पिन लावली, दीडशे रुपये घेतले. चिप जिवंत होती. म्हणजे त्या तीन पायांच्या तुकड्यानं स्वतः मरून आतलं वाचवलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षं वीस रुपयांच्या वस्तूसाठी तो माळ्यावर पडून होता. कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासल्या. फुंकायचं नाही म्हणाला, थुंकीनं पिना गंजतात. फुंकल्यानं चालायचं असं आपल्याला वाटायचं, पण खरं काम पुन्हा काढून घालण्यानं व्हायचं. तुझी ती खास फुंकर, डावीकडून उजवीकडे, वाया गेली रे सगळी.

घरच्या टीव्हीवर लावला. चित्र जरा पसरट दिसतं, पण मारिओ उडाला. अंगठ्याला सगळं पाठ आहे, पक्या. पहिला मशरूम कुठे, कुठल्या विटेला डोकं आपटायचं, मला सांगता येणार नाही, पण अंगठा जातो. ईश्वरी शेजारी बसून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “बाबा, ते झुडूप आणि तो ढग एकच आहे. नुसता रंग बदललाय.” मी थांबवून बघितलं. खरंच एकच! जागा वाचवायला तेच चित्र दोनदा वापरलंय, एकदा पांढरं, एकदा हिरवं. इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं. आपण दोघं कशाकडे बघत होतो?

बदकं मारायची गन मात्र चालत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, तो गनच्या नळीतल्या डोळ्यानं टिपायचा. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या चालीवर बेतलेलं. नवा टीव्ही चित्र दाखवायलाच उशीर करतो, तोवर गनचं बघणं संपलेलं असतं. नळी काचेला टेकवून बदकं मारायची तुझी बदमाशीही इथे चालायची नाही. तुमच्याकडे अण्णांचा जुना टीव्ही अजून आहे ना? विकू नको.

हे सगळं लिहून बघतोय, आणि अजून तेच डोक्यात आहे. अण्णा जिवंत असते तर त्यांना जाऊन सांगितलं असतं, असं मी काल बायकोला म्हणालो. ती म्हणाली, खोटं. बरोबर आहे तिचं.

तू चिडलास तर चिड. हसलास तर मात्र ह्या वेळी मी हसणार नाही.

वहिनींची बदली झाली का? ओमची बारावी ना यंदा, त्याला आशीर्वाद. फ्लॅटचा ताबा मिळाला की कळव. आणि पाठीसाठी तो पट्टा वापरतोस का नाही?

तक्त्याप्रमाणे १८ मेपासूनचा आठवडा तुझा, तो अजून चालू झालेला नाही. पाडव्याला येतोस की एसटीच्या पार्सलनं पाठवू, ते सांग. आलास तर पहिला रिमोट तुझा. मी दुसरा घेतो.

तुझा,
सुन्या

ता. क. पार्सलनं मागवलास तर गेमचाच अडॅप्टर पाठवतोय, नवी वायर टाकून. दुसरा कुठलाही लावू नकोस. आत मायनस, बाहेर प्लस. मी पेनानं वर लिहिलंय.